गिरजाताईंची रांग

गिरजाताई कापगते यांची नि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे गौरवग्रंथात लिहू नये असे संपादक मंडळाने मला सुचवले होते. पण ताईंना पंचाहत्तरावे लागले म्हणून मी खोटे लिहायला लागले, तर त्या पहिल्याच पानावर मला पकडतील. तेव्हा झाले तसे सांगते.

लग्न होऊन मी गोंदियाहून भिलाईच्या कॅम्प-१ या कामगार वस्तीत आले, त्याला आठवडाही झाला नव्हता. गल्लीच्या टोकाला एकच सार्वजनिक नळ होता. बायका आपापले गुंड रांगेत ठेवून घरी डबे करायला जात आणि पाणी येईपर्यंत माणसाच्या जागी भांडे उभे राही. (गुंड म्हणजे आमच्या विदर्भातला पितळी हंडा. वाचकांनी भलते समजू नये.) मला हा कायदा कुठे ठाऊक? मी दोन गुंड बाजूला सारले आणि माझी बादली पुढे लावली. मागून आवाज आला, “वाचता येते का तुले?” मी मान हलवली. “मंग वाच त्याच्यावरचं नाव. ते भांडं नोहे, बाई उभी हाये तिथं.”

मी वाकून वाचले, ‘चि. सौ. कां. गिरजा हिस मामाकडून सप्रेम.’ ती बाई मागेच कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांनी माझी बादली उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “वाचता येते तं लिहिताही येत असन. एक अर्ज लिहून दे.” त्या दिवसापासून मी ताईंचे अर्ज लिहीत आले आहे.

ताई साकोलीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या माहेरी तळ्याचे पाणी पाळीने शेतात घेत, आणि ज्याची पाळी त्याचे पाणी, मग तो गावचा पाटील असो की गडी. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचे यजमान तुकारामभाऊ पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. नळाचा प्रश्न घेऊन आम्ही पालिकेला इतके अर्ज केले की माझे अक्षर सुधारले, पाणी मात्र आले नाही. तेव्हा काही मंडळींनी मोर्चा, घोषणा, घेराव सुचवले. ताई म्हणाल्या, “आपुन कावून घसा फोडाचा? भांडे ठेवू अन् घरी जाऊ.”

तसेच केले. पालिकेतल्या साहेबांच्या खोलीपासून फाटकापर्यंत रिकाम्या भांड्यांची रांग लावली आणि आम्ही खरोखरच घरी स्वयंपाकाला निघून आलो. साहेबांची जीप अडकली. शिपायाला भांडी उचलायला सांगितले तर तो जागचा हलेना, कारण रांगेत त्याच्या बायकोचाही गुंड होता. शेवटी साहेब एकेक नाव वाचत फाटकापर्यंत चालत गेले. ज्यांच्याकडे पितळेचे भांडे नव्हते त्यांनी प्लास्टिकच्या डब्यावर नेलपॉलिशने नाव लिहिले होते. त्यात ओडिया होत्या, छत्तीसगढी होत्या, तेलुगू होत्या. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि पुढे दुसरा नळही बसला. हाच डाव ताई वर्षानुवर्षे खेळल्या आणि कधी हरल्या नाहीत.

त्यांची माया हे वेगळे प्रकरण आहे. माझे यजमान इस्पितळात होते तेव्हा रोज घरी आले की दारात माझा गुंड भरून ठेवलेला असे. कोण ठेवते ते कळेना. पुढे कितीतरी दिवसांनी तुकारामभाऊ बोलता बोलता बोलून गेले. मी आभार मानायला गेले तर ताईंनी मलाच झापले, “आजारी मानसाचा नंबर चुकवाचा नसते, येवढं तरी शिकली का नाही?”

अशा ताईंना लोकांनी निवडून दिले नसते तरच नवल! नगरसेवकाला इकडे पार्षद म्हणतात. ताई पार्षद झाल्या आणि थोड्याच काळात पालिकेच्या जलविभागाच्या प्रभारी. शपथ घेताना त्या जरा अडखळल्या, तेव्हा मागच्या बाकावरून मीच मोठ्याने पुढचा शब्द सांगितला. अभिमानाने माझे भान सुटले होते.

पहिल्याच उन्हाळ्यात रेल्वे लाइनपलीकडच्या वस्तीला नवी पाइपलाइन द्यायचे काम अडले. ताईंनी त्यांना येत होते तेच केले. आम्हाला हाक दिली आणि पालिकेच्या इंजिनियरच्या दारात रांग लावली. या वेळी ताई स्वतःही गुंडाशेजारी ठिय्या देऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी इंजिनियर हात जोडून बाहेर आला. “मॅडम, फाइल मेरे पास है ही नहीं. तीन दिन से आपके टेबल पर रखी है, आपके साइन के लिए.”

कोणीतरी फिसकन हसले. मीही पदर तोंडात कोंबला. मग ताईंचे डोळे भरलेले दिसले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या उठल्या, आपला गुंड उचलून खोलीत गेल्या आणि सही केली. त्या दिवसापासून दहा ते पाच खुर्ची सोडली नाही. मी फाइल वाचायची, त्यांनी प्रश्न विचारायचे. त्यांचे प्रश्न असे असत की बाबूंना घाम फुटे.

“खुर्चीनं ताईले बिघडवलं,” असे तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. सहीचा अधिकार हातात असताना जो रस्त्यावर बसतो, तो आपल्याच कामातून पळतो.

पण खुर्चीची सवयही लागतेच. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच वस्तीत पाइप आले होते, पाणी नव्हते. बायका सांगायला आल्या की ताई म्हणत, “फाइल चालून राहिली.” हे वाक्य ताईंच्या तोंडून ऐकून मला धसकाच बसला. बायका माझ्याकडे आल्या. ताईंच्या दारात रांग लावायची तर पहिले भांडे कोणाचे? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ज्या बाईने मला रांगेत उभे राहायला शिकवले, तिच्याच दारात रांग लावायची! दोन दिवस अन्न गोड लागले नाही. ताई तुटल्या तर मला या गावात दुसरे माहेर नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी माझा गुंड पालिकेतल्या त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला.

ताई बाहेर आल्या. चष्मा लावून वाकल्या आणि माझे नाव मोठ्याने वाचले. मग पुढचे, मग त्यापुढचे. फाटकापर्यंत एकही नाव सोडले नाही. परत आल्या तेव्हा दम लागला होता. मी सवयीने म्हणून गेले, “ताई, तुमी बी बसा ना इकडं.”

“मी तिकडं बसली तं सही कोण करन?” त्या म्हणाल्या. “तुमी मात्र उठू नोका. पानी येईपर्यंत उठू नोका.”

चौथ्या दिवशी वस्तीला पाणी आले. ताई मात्र आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी दारात उभ्या, हातात मामाने दिलेला तो गुंड. मी जीव मुठीत धरून बाहेर आले. त्यांनी तो माझ्या हातात दिला. “आता घरात नळ हाये, मले याचं काम नाही. तुह्याकडं ठेव. रांग लागली का हा पहिला ठेवजो. खुर्चीवर मी असो नाही तं कोणी बी असो.” मी रडले. त्या म्हणाल्या, “चाय ठेव.”

मोर्चातून आलेल्या माणसाने सत्तेत गेल्यावर मोर्चाचे काय करायचे, यावर भाषणे पुष्कळ ऐकली. माझ्या ताईंनी ते हत्यार टाकले नाही, मिरवलेही नाही. आपल्यावर उगारता यावे म्हणून ते दुसऱ्याच्या हाती दिले. असे करायला छाती लागते, आणि ती मी या एकाच बाईत पाहिली. ताईंच्या नंतर दोन प्रभारी आले. दोघांच्याही दारात तो गुंड पहिला लागला आणि दोघांनीही वाकून ‘गिरजा हिस’ वाचले.

ताई, गुडघ्यांना तेल लावा, शुगरची गोळी चुकवू नका आणि नातवाच्या गाडीवर मागे बसून रिसालीला उंडारणे जरा कमी करा. शंभराव्या वर्षीच्या रांगेत तुमचा नंबर आम्ही धरून ठेवला आहे आणि तो कोणाला हलवू देणार नाही. तेवढा तुमचा गुंड मात्र परत मागू नका. तो अजून कामावर आहे.