छपरीतला स्विच

माझं काम बसून पाहण्याचं आहे. गोंदियात बाजारामागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीचं ऑफिस आहे. तिथे माझ्यासमोर एक पडदा आणि पडद्यावर आसपासच्या गावांचे ठिपके. एक ठिपका म्हणजे एका गावातला स्विच. स्विच म्हणजे काही फार मोठी चीज नाही. चपटी पेटी असते, तिच्यात बाहेरून एक तार येते आणि तिच्यातून गावभर घरोघरी तारा जातात. पेटी चालू असली की ठिपका हिरवा, बंद पडली की लाल. लाल झाला की माझा फोन वाजायला लागतो.

"भैया, नेट कब आएगा?" शहरातले विचारतात. गावातले तेवढंही विचारत नाहीत. "झोपला का बे?" म्हणतात.

अर्ध्या भानगडी इथूनच सुटतात. एखाद्या घराची तार अडली, तर खुर्चीवरून न उठता मी तेवढीच बंद करून पुन्हा चालू करतो. कोणाकडे किती नेट वापरलं जातंय, पेटी किती तापली आहे, सगळं पडद्यावर येतं. उरलेल्या भानगडींसाठी मोटारसायकल काढावी लागते. पार नवेगाव बांधपर्यंत धक्के खात जायचं आणि तिथे कळायचं की ज्यांच्या घरी पेटी ठेवली आहे, त्यांनी मिक्सर लावायला आमचा प्लग काढला आणि परत लावायचा राहिला. लावून द्यायचा, चहा प्यायचा, परत यायचं. या कामाचा मला कंटाळा आला आहे, हे आता सरळ सांगून टाकतो. गुडघे कुरकुरतात, डोळे चुरचुरतात आणि जेवायला बसलो तरी कान फोनकडे असतात.

आमच्या गावात पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न आला, तेव्हा मालकांनी माझ्याकडेच पाहिलं. गाव तिरोड्याच्या बाजूला, बोदलकशाच्या तलावापासून जवळ. आई गेल्यापासून तिथे बाबा एकटेच राहतात. "गोंदियाला चला" म्हटलं की म्हणायचे, "कायले? तिथं पाय पसरायले जागा नाही." शेवटी घराच्या पुढच्या छपरीत, भिंतीवर, मी स्वतःच तो स्विच ठोकून आलो. खाली छोटी बॅटरी ठेवली. निदान बाबांच्या मागे काहीतरी काम लागेल, असं तेव्हा वाटलं होतं.

काम त्यांच्या मागे नाही, माझ्याच मागे लागलं. आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, वीज पडून माणसं जातात, त्यामुळे आभाळ गुरगुरलं की घरातला प्रत्येक प्लग उपटायचा, ही घरोघरची सवय. बाबा तर बॅटरीची तारही सोडवून ठेवायचे. आभाळ मोकळं झालं तरी लावायचे नाहीत, न जाणो परत भरून आलं तर. सगळं गाव बंद आणि शिव्या मला. मी फोन केला की म्हणायचे, "बाप्पा, वीज कडाडून राहिली अन् तुले नेटची पडली?" असंच एकदा दिवसभर दमल्यावर मी फोनवर ओरडलो, "बाबा, मला इथून सगळं दिसतं. प्लग काढत जाऊ नका!"

 मग त्यांनी हळूच विचारलं, "सगळं दिसते?"

"सगळं."

त्यानंतर प्लग कधी निघाला नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

उन्हाळ्यात नवीनच खूळ सुरू झालं. दुपार झाली की आमच्या गावच्या पेटीचं तापमान चढायचं आणि माझ्या फोनवर इशारे यायचे. ऊन म्हणावं, तर बाकीच्या गावांतल्या पेट्या ठीक होत्या. आतला पंखा गेला असेल म्हणून नवा पंखा घेऊन मी भर उन्हात गावी पोचलो. छपरीत शिरतो तो काय, पेटीवर बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा, नीट घडी करून पांघरलेला. आणि समोर खाटेवर बाबा नुसत्या चड्डीवर पडलेले.

"हे का झाकलं बाबा?"

"गर्मी होऊन राहिली ना," ते धोतर शोधत म्हणाले. "उघडाच पडलो होतो. तुह्या हापिसात बायाही असतीन."

मला हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांना समजावून सांगितलं, की याला डोळे नाहीत. पेटी चालू आहे की बंद, तारेतून काय येतं-जातं, गरम आहे की थंड, एवढंच कळतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गरम का थंड, हे समजते?"

"हो."

"मंग बाकीचं काऊन नाही समजन?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते द्यायचं त्राण नव्हतं. पंखा न बदलता, दुपट्टा तेवढा खुंटीला अडकवून मी निघालो. निघताना शेजारच्या काकूंनी मला फाटकाशी गाठलं. बाबांच्या भाकरी-भाजीचं त्याच पाहतात. म्हणाल्या, "आता जेवायलेही त्या डब्ब्यासमोरच बसते. म्हणते, माहा बाबू पाहून राहिला, ताटात टाकलं त त्याले वाईट वाटन. दुपारभर काय काय सांगत राहते त्याले." मी पाहिलं होतं खरं. आधी दाराकडे तोंड असलेली खाट आता पेटीकडे तोंड करून टाकली होती. घरी येऊन हा किस्सा मी बायकोला रंगवून सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी परत तापली. तापू दे म्हटलं. पेटी बंद तर पडत नव्हती, मग कशाला परत समजावत बसायचं.

एक गोष्ट मात्र माझ्याही बाबतीत होत गेली. पूर्वी मी बाबांना रोज फोन करायचो. आता सकाळी ऑफिसात आलो, आमच्या गावचा ठिपका हिरवा दिसला, की घरी सगळं ठीक आहे असं वाटून जायचं. दुपारी पेटी तापली की बाबा आडवे झाले असतील, हेही कळायचं. फोन मग उद्यावर, उद्याचा परवावर जायचा.

यंदा धानाची रोवणी आटोपता आटोपता पावसाने झोडपून काढलं. विजांनी कितीतरी गावांतल्या पेट्या जाळल्या. दवनीवाड्यापासून सुरू करून मी रोज भिजत हिंडत होतो, जळकी पेटी काढायची, नवी बसवायची, लोकांचं ऐकून घ्यायचं. पडदा लाल ठिपक्यांनी भरला होता. त्यात आमचं गाव तेवढं शहाण्यासारखं वागत होतं. ठिपका हिरवा, वर दुपारचं तापणंही थांबलं होतं. पावसाने गारवा आला, बाबांनी दुपट्ट्याचं खूळ सोडलं, चला, एक डोकेदुखी कमी झाली, असं मी मालकांना बोलूनही दाखवलं.

काकूंचा फोन आला तेव्हा मी एका शिडीवर होतो. त्या लेकीकडे गेल्या होत्या, परत येऊन पाहतात तर बाबा खाटेवर तापाने फणफणलेले, ओठ सुकलेले, धड बोलताही येत नव्हतं. त्यांनी माणसं गोळा केली आणि ऑटोत घालून त्यांना तिरोड्याला दवाखान्यात नेलं होतं. मी हातातलं काम तसंच टाकून निघालो. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात होती, की बाबा गेले तर मी तोंड कसं दाखवू, आणि कोणाला दाखवू.

गेले नाहीत. मलेरिया निघाला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. बाबांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर मला राहवलं नाही.

"एवढा ताप होता, तर फोन का नाही केला बाबा?"

"फोन कायले?" ते म्हणाले. "तू त पाहूनच राहिला होता."

मी त्यांच्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

"तापाच्या पहिल्याच दिवशी दुपट्टा काढून ठेवला मी. म्हटलं, आता लाजून कसं होईन, त्याले नीट दिसलं पाह्यजे." दम लागला म्हणून थांबले, मग पुढे बोलले. "तू आला नाही, त म्हटलं सुट्टी नाही भेटली असन. नोकरीवाल्या माणसाचं असंच राहते."

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. पेटी थंड पाहून मी मालकांपुढे खूश झालो होतो, त्या दिवसांत हा माणूस पेटीकडे तोंड करून माझी वाट पाहत पडला होता. मला रडू आलं, ते मी खिडकीकडे जाऊन आवरलं.

खरं सांगून टाकणं सोपं होतं. मला काहीच दिसत नव्हतं बाबा, कधीच दिसलं नाही. या वेळी त्यांना पटलंही असतं, कारण मी आलो नव्हतो. मी दोषातून सुटलो असतो. पण मग गेल्या उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या दुपारी, पेटीसमोरची सगळी जेवणं, मला सांगितलेलं सगळं, त्याचं काय झालं असतं? घरी जाऊन ते कोणासमोर बसले असते?

मी परत येऊन खाटेशी बसलो.

"हो बाबा," मी म्हणालो. "दिसत होतं. सुट्टीच नाही भेटली."

"मले माहीत होतं," ते म्हणाले आणि सलाईनचा हात सांभाळत कुशीवर वळले.