ओला ओटा

सर्वपित्री अमावास्येला रामकुंडाकडे निघालो, तेव्हा मनात भक्तीचा लवलेशही नव्हता. पौषापासून जप धड होत नव्हता. चार मणी ओढले की उठून ओट्यावर डोकावून यायचो.

पंचवटीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर एक बेघर म्हातारा निजायला यायचा. हिरवी कानटोपी, बगलेत गोणपाट. त्याचा कुणाला त्रास नव्हता. पण मला स्वच्छतेचा भारी सोस. संध्याकाळची आरती झाली की मी तांब्याभर पाणी ओट्यावर ओतायचो. ओल्या फरशीवर कोण निजणार? तो मुकाट्याने उठून जायचा. पौषातल्या एका कडाक्याच्या सकाळी तो पुलाखाली गारठून मेलेला सापडला. मी 'अरेरे' म्हणालो आणि चहा प्यालो. लिहितानाही लाज वाटते.

आईवडिलांना पाणी देऊन झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "आणखी कुणी?" मी म्हाताऱ्याचं सांगितलं. नाव ठाऊक नव्हतं. "नसलं तरी चालतं, काका. गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणायचं."

माझंही गोत्र काश्यपच. म्हणजे तो माझ्याच गोत्रात आला, आणि घरच्या माणसाचं नाव मला सांगता येईना! तिळाची पुडी मुठीत धरून मी घाटभर विचारत फिरलो. हिरवी कानटोपी कुणालाच आठवेना. शेवटी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "रामा, माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ."

शेजारी गाईंसाठी चारा विकणारी बाई होती. तिनं आपणहून विचारलं, "कोणाला हुडकताय, बाबा?"

मी सगळं सांगितलं, पाण्याचंही.

"चिंतामण तो. सुरगाण्याचा. द्राक्षाच्या कामाला आला, पाय मोडला, मंग इथंच राह्यला. तुमचाच का तो ओटा? लय आठवण काढायचा. म्हनायचा, तिथं आरतीची घंटा ऐकू येती, जीवाला बरं वाटतं."

मी तिथंच ढसाढसा रडलो. आमची आरती इतक्या ओढीनं ऐकणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच मी रोज उठवत होतो.

गुरुजींनी त्याचं नाव घेतलं. मी पाणी सोडलं. तांब्या घरचा तोच होता.

त्या बाईला तिथं कुणी बसवलं, याचा खल मी करत नाही. रामाचे उपकार मानतो. मन अजून निवलेलं नाही. तेही त्याच्यावरच सोपवलंय. आता आरतीच्या वेळी दार उघडं असतं. ओटा कोरडा पुसून सतरंजी टाकतो. कुणी आलं, की आधी नाव विचारतो.