घारताईचा डबा

बांधकामावर तिला सगळे घारताई म्हणायचे. उंच क्रेनच्या टोकाला, काचेच्या एवढ्याशा खोलीत बसून ती लोखंडाच्या सळ्या, विटा, काँक्रीटच्या बादल्या उचलायची आणि अलगद हव्या त्या मजल्यावर टेकवायची. खाली उभी असलेली माणसं तिला मुंग्यांएवढी दिसत आणि त्यांना ती दिसतच नसे, म्हणून हे नाव.

सकाळी शिडी चढून वर गेली की काम सुटेपर्यंत ती खाली येत नसे. जेवायला उतरायचं तर सुट्टी चढण्या-उतरण्यातच संपायची. पाणीही ती घोट-घोटच प्यायची, वर संडास कुठला असणार? दुपारी कोपऱ्यावरचा टपरीवाला वडे-भजी नाहीतर चिप्सची पाकिटं पिशवीत घालून दोरीला बांधायचा आणि ती वर ओढून घ्यायची. एका हातात खाणं, दुसरा हात क्रेन चालवायच्या दांड्यावर. अशी बरीच वर्षं गेली. अंग सुटलं, छातीत जळजळ कायमची मुक्कामाला आली. तिने मनावर घेतलं नाही.

मग एकदा शिडीवरच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन्ही हातांनी पायरी कवटाळून, कपाळ लोखंडाला टेकवून ती थांबली. खालून मुकादम ओरडला, "काय झालं गं?" अंधारी सरल्यावर ती पायरी-पायरीने खाली उतरली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर मधुमेहाच्या काठावर आली होती. "बाहेरचं बंद करा," ते म्हणाले. "साधं, घरचं खा."

"घरचं करणारी मीच, डॉक्टर," ती म्हणाली, "आणि मी वर असते."

डॉक्टर हसले. तिला हसू आलं नाही.

तिचा नवरा इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होता. ब्लीचने त्याचे हात कायम भेगाळलेले. ती उठायची तेव्हा तो कामावर असायचा आणि तो उठायचा तेव्हा ती. एका घरात राहून दोघांची गाठ पडायची ती संध्याकाळी, तीही एकजण दाराबाहेर पडता पडता. त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते तिने त्याला सांगितलंच नाही. पहाटे अंधारात उठून स्वतःच भाजी चिरायला लागली, डाळ लावायला लागली. डबा भरून निघेपर्यंतच ती अर्धी संपलेली असायची. जळजळ कमी झाली हे खरं, पण झोपेचं काय? दुपारी काचेतून ऊन आत यायचं, पोटात डाळभात असायचा आणि पापण्या जड व्हायच्या.

एके दिवशी वॉकीटॉकीवर किंकाळी आली, "ताई! थांबव! थांबव!"

ती दचकली. सळ्यांचा गठ्ठा भिंतीच्या दिशेने सरकत होता. खालची माणसं वाट फुटेल तिकडे पळत होती. तिने दांडा मागे ओढला. गठ्ठा हेलकावे खात राहिला, मग हळूहळू स्थिर झाला. कुणाला काही लागलं नव्हतं. तिने तो जमिनीवर ठेवला, यंत्र बंद केलं आणि खाली उतरली.

"वाऱ्यामुळे झालं ना?" मुकादमाने तिला सुटायला वाट करून दिली.

"वाऱ्याने नाही. माझा डोळा लागला," ती म्हणाली. "आज मला वर बसवू नका."

तो खूप बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं. त्याने दुसरा माणूस बोलावला आणि ती भर दुपारी घरी आली.

नवरा नुकताच उठला होता. ओट्याशी उभ्याउभ्या कोरडा पाव चहात बुडवून खात होता. तिला पाहून त्याचा घास तसाच राहिला. "तू? या वेळेला?"

ती खुर्चीत बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. शिडी, साखर, पहाटेचा स्वयंपाक, तो गठ्ठा. शेवटी म्हणाली, "माझ्या डब्यापायी आज खाली कुणीतरी मेलं असतं."

"मला सांगायचंस तरी."

"कधी सांगू? तू झोपलेला असताना?"

तो भेगाळलेल्या हातांकडे बघत म्हणाला, "मला फक्त अंडी उकडता येतात."

"मग अंडी उकड."

त्याने खरंच उकडली. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी उठला की काहीतरी शिजवून ठेवायचा आणि ती सकाळी तेच डब्यात भरून न्यायची. त्याची पहिली डाळ मात्र खड्यांसारखी लागली.

"कच्ची होती," संध्याकाळी तिने सांगितलं.

"मग खाल्लीस कशाला?"

"टाकू कुठे? खालच्याच्या डोक्यावर?"

दारातच दोघं हसली. बऱ्याच दिवसांनी. हसता हसता त्याची बस चुकली.

हळूहळू त्याचा हात बसला. मीठ अजून कधी जास्त, कधी कमी. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून भाज्या निवडतात. गाजरं सोलता सोलता ती बसल्या जागी पेंगते, मग तो तिच्या हातातली सुरी काढून घेतो. मधे तो तापाने पडला तेव्हा तिने केळी आणि पावावर दिवस काढले. टपरीवाल्याचीही एक पिशवी वर ओढली. तसं केल्याचं तिला वाईट वाटलं नाही.

साखर काठावरून थोडी मागे सरली आहे. थकवा तेवढाच आहे. पाळ्या बदलायचा अर्ज नवऱ्याने दोनदा केला, दोन्ही वेळा इस्पितळवाले नाही म्हणाले. सकाळी ती डबा खांद्याला अडकवते, शिडीशी येते, वर बघते आणि श्वास घेऊन चढायला लागते. मधल्या टप्प्यावर हल्ली ती दम घ्यायला टेकते. खालून मुकादम हाक मारतो, पण ती घाई करत नाही.