दोन मीटर वीस

स्नोमोबाइलची रुंदी किती असते हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. बर्फावर चालणाऱ्या त्या स्कूटरला पुढे चाकांऐवजी दोन स्की असतात. त्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर साधारण एक मीटर वीस. मागे, जिथे बसायचं आणि पाय ठेवायचे, तिथे नव्वद सेंटिमीटर. कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे मी सांगू शकेन, आणि आता त्यांचा मला काडीचा उपयोग नाही.

आम्ही म्युनिकच्या बाहेर राहतो, एस-बान लोकलच्या शेवटून तिसऱ्या स्टेशनाजवळ. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सोळा वर्षं होता. मग त्याचा अख्खा विभाग बंद झाला आणि ते काम पुण्याला गेलं. जिथून आम्ही दोघं दोन बॅगा घेऊन निघालो होतो, त्याच पुण्याला. सुरुवातीला तो स्वतःच हे सांगून लोकांना हसवायचा. "काम घरी गेलं, मी इथेच राहिलो." मग लोकांकडे जाणं थांबलं. मग अर्ज करणं थांबलं. अंघोळ दुपारवर गेली, दाढी आठवड्यावर गेली. आठ महिने तो सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून होता आणि त्याचं बोलणं म्हणजे "हो", "नको" आणि "बघू". सकाळी निघताना त्याच्यासमोर ठेवलेला चहा संध्याकाळी आले की तसाच, वर साय धरलेला. मला भीती वाटायची. कशाची, ते मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हणत नसे.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी त्याला जवळजवळ ढकलतच गाडीत बसवलं आणि डोंगराकडे निघाले. पायथ्याच्या एका गावात टायर बसलं. जवळच एक वर्कशॉप होतं. मालक साठीचे, हाताला ग्रीस, तोंडाने सतत पुटपुटणारे, आणि त्यांच्या शेडमध्ये भर उन्हाळ्यात सहा-सात स्नोमोबाइल उघड्या पडलेल्या. इथे मौजेखातर ही गाडी कुणाला फिरवता येत नाही. डोंगरावरच्या हॉटेलवाल्यांना सामान वर न्यायला लागते, स्कीचे रस्ते आखणाऱ्या क्लबांना लागते, बचाव पथकांना लागते. वर्षातून दोनदा ती दुरुस्तीला खाली आणायची आणि परत पोचवायची. हे काम करणारा मालकांचा जुना माणूस त्या वसंतात निवृत्त झाला होता. टायर काढता काढता ते आम्हाला हे गाऱ्हाणं सांगत होते, जसं कुणालाही सांगितलं असतं.

"एका खेपेत किती आणायचा तो?" नवऱ्याने विचारलं.

मी वळून पाहिलं. आठ महिन्यांत त्याने कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मालक म्हणाले, दोन. एक आणायला डोंगर चढणं परवडत नाही. ट्रेलर बंदच हवा, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मशिनला खातं. गाड्या चारी कोपऱ्यांना पट्ट्यांनी बांधलेल्या हव्यात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ट्रेलर घेऊन या, माझ्या समोर दोन चढवून दाखवा, जमलं तर सगळा हंगाम तुमचा. नवरा परतीच्या वाटेवर एक तास बोलत होता. मी गाडी चालवत होते आणि रस्ता धूसर दिसत होता, कारण मी रडत होते आणि त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात ट्रेलर आला, म्हणजे कागदावर. सकाळी सातला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो जेवणाच्या टेबलाशी बसायचा. एक्सेलमध्ये तक्ते झाले. प्रश्न शेवटी एकच उरला, रुंदीचा. आतून दोन मीटरच्या ट्रेलरमध्ये दोन गाड्या शेजारी मावेनात. एकामागे एक ठेवायच्या तर लांबी इतकी होई की आमच्या गाडीला ओढवेना. सगळ्यात रुंद होता तो आतून दोन मीटर पंचेचाळीस. विक्रेत्याने तोच सुचवला. पण तो जड, आणि त्यासाठी वेगळं लायसन्स, म्हणजे पुन्हा ड्रायव्हिंग स्कूल, पुन्हा परीक्षा.

"या वयात मी कुणापुढे परीक्षेला बसू?" तो म्हणाला. "आणि हे लोक मोठंच विकायला बघतात."

त्याला परीक्षेची नाही, नापास होण्याची धास्ती होती. गेल्या वर्षभरात त्याला पुरेशा लोकांनी नापास केलं होतं. मी जोर केला नाही.

मग त्याने मधला काढला, दोन मीटर वीसचा. युक्ती अशी, की एक गाडी तोंडाने आत घालायची आणि दुसरी उलटी, रिव्हर्समध्ये. म्हणजे एकीच्या रुंद पुढच्या भागाशेजारी दुसरीची अरुंद मागची बाजू येते. एक वीस अधिक नव्वद, दोन दहा. दहा सेंटिमीटर वर शिल्लक. लग्नघरात पाहुणे जास्त झाले की एका गादीवर दोघांना उलटसुलट झोपवतात, तसं. आमच्या दोघांचंही बालपण अशा गाद्यांवर गेलेलं. जागा मोजून बसायची आम्हाला सवयच नाही, आम्ही सरकून घेतो. तो इतका खूश झाला की त्याने मला कडेवर उचलायचंच बाकी ठेवलं.

सप्टेंबरातला तो रविवार होता. त्याला हे जमिनीवर खऱ्या मापाने काढून बघायचं होतं आणि घरात खडू नव्हता. रविवारी इथे दुकानं बंद. मग मी गेल्या दिवाळीची रांगोळी काढली. इमारतीच्या तळघरात आमच्या पार्किंगच्या जागेवर मी आधी ट्रेलरचा चौकोन काढला आणि त्यात दोन गाड्यांचे आकार, एक सुलट, एक उलट. तो टेप धरून मापं सांगत होता आणि मी चिमटीने रेघ सोडत होते. इतकं काळजीपूर्वक मी लक्ष्मीपूजनालाही काढलं नसेल. दोन्ही आकार चौकोनात अगदी चपखल बसले. तो फोटो काढायला म्हणून फोन आणायला वर गेला.

आमची पंधरा वर्षांची लेक दही-पोहे खात खात खाली आली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ती चित्राकडे बघत राहिली.

"उंड वो श्टेट पापा?" तिने विचारलं. आणि पपा कुठे उभा राहणार?

मी दोन्ही आकारांच्या मधे पाय ठेवून पाहिला. माझा पाय, सदतीस नंबरचा, आडवा तर सोडाच, उभाही नीट मावेना. चपलेने रेघ फिसकटली. बाहेरच्या बाजूलाही भिंत लगेच सुरू होत होती. दुसरी गाडी आत घेऊन तो उतरणार कुठे, आणि आतल्या कोपऱ्यातल्या कड्यांना पट्टे बांधायला पोचणार कसा? सगळं मोजलं होतं, माणूस मोजायचा राहिला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करते. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि घरातही मी त्यासाठी बदनाम आहे. पडद्याची शिवण तिरकी असेल तर मला सहन होत नाही. आणि त्या दिवशी मी लेकीला म्हटलं, "वाटी वर नेऊन ठेव आणि पपाला काही बोलू नकोस." मग वाकून फिसकटलेली रेघ पुन्हा काढली. तो परत आला, त्याने चारी बाजूंनी फोटो काढले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसतंय की नाही बघ!"

"बसतंय," मी म्हटलं.

का बोलले नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. बोलले असते तर उरले असते दोनच मार्ग, एक तर परीक्षा, नाही तर सोफा. मला आणखी काही आठवडे दाढी केलेला नवरा हवा होता. वाटलं, काहीतरी होईल, मालक सांभाळून घेतील, तो थोडं सरकून घेईल. स्वतःची समजूत घालण्यात मी कमालीची हुशार निघाले.

ट्रेलर दसऱ्याच्या आसपास आला. पांढरा, मागे दार, दाराचाच उतार होणारा. बाजूला दार नव्हतं. ते हवं असेल तर तीन महिने थांबावं लागणार होतं. आम्ही त्याला शेवंतीचा हार घातला, हळदकुंकू लावलं. शेजारच्या बाईंनी खिडकीतून अभिनंदन केलं.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी डोंगरावर धुकं होतं. मालकांनी दोन गाड्या अंगणात काढून ठेवल्या होत्या. नवऱ्याने पहिली सुलट आत घातली, उतरला, पट्टे ओढून बांधले. मालकांनी पट्टे हलवून पाहिले आणि मान डोलावली, "जा, गूट." हो, छान. मग दुसरी. त्याने रिव्हर्स टाकला आणि ती उलटी, सावकाश, एकदाही न घासता आत नेली. काय सुंदर नेली! इंजिन बंद झालं.

मग काहीच झालं नाही. तो आत गाडीवर आमच्याकडे तोंड करून बसला होता. उजव्या कोपराला भिंत, डाव्या गुडघ्याला दुसऱ्या गाडीची स्की. त्याने एक पाय उचलून पाहिला, परत ठेवला. दुसरा उचलला. जाड जॅकेट भिंतीला घासत होतं. शेवटी तो हँडलवर पोट टेकून, पुढची काच ओलांडून, गाडीच्या नाकावरून घसरत बाहेर आला. काच तडकल्याचा आवाज आला. पन्नास वर्षांचा माणूस उतारावर चारी हातापायांवर होता, आणि मी तिथे थर्मास धरून उभी होते.

मालक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. त्यांनी टॉर्च मारून आतले कोपरे पाहिले, जिथे पट्टे बांधायचे राहिले होते आणि जिथे हात पोचणार नव्हता.

"थोडं ॲडजस्ट करता येईल," नवरा म्हणाला. त्याने हे जर्मनमध्ये म्हटलं, आणि त्या भाषेत ते फार केविलवाणं वाटलं. "मी बारीक होईन थोडा."

मालकांनी मान हलवली. उणे दहात, बर्फात, हंगामात तीस वेळा, असं करता येणार नाही. काम करणाऱ्याला चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे, तीच तर रुंदी. "झो विर्ट डास निक्स," ते म्हणाले. असं काही जमायचं नाही. काचेचं काही घेतलं नाही त्यांनी. निरोप घेताना टोपी काढली. मला त्यांचा राग आला, मग कळलं की तो त्यांचा नव्हता.

परतताना मी गाडीत त्याला सांगून टाकलं. मला दिसलं होतं, त्या रविवारीच, रांगोळीत पाय ठेवला तेव्हा.

"तुला तर सगळ्यात चुका दिसतात," तो म्हणाला. "एवढी एकच का नाही सांगितलीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरं उत्तर हेच होतं की तो बरा होईल यावर माझाच विश्वास नव्हता. घरी आल्यावर तो सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसला. आता "बघू"ही बंद झालं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, एक समुपदेशक बाई झाल्या. लेक खोलीचं दार लावून घेते. मी कामावर जाते आणि दिवसभर इतरांच्या चुका काढते.

ट्रेलर घरासमोरच्या रस्त्यावर उभा आहे. उंचीमुळे तो तळघरात जात नाही. इथला नियम असा, की गाडीला न जोडलेला ट्रेलर रस्त्यावर एका जागी दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणून दर चौदाव्या दिवशी नवरा उठतो. अंघोळ करतो, दाढी करतो, खाली जातो, ट्रेलर गाडीला जोडतो आणि पलीकडच्या गल्लीत नेऊन लावतो. पुढच्या चौदाव्या दिवशी परत इकडे. कॅलेंडरवर त्याच्या अक्षरात तेवढीच एक नोंद उरली आहे.

मार्चमध्ये मी त्याला न सांगता ट्रेलरची जाहिरात दिली. एका शनिवारी एक बाई आल्या, आठवडी बाजारात चीज विकणाऱ्या. त्यांनी आत जाऊन टेप लावला. दोन बाजूंना दोन फळ्या, मधे उभं राहायला जागा, दोन मीटर वीस. "गेनाऊ!" त्या म्हणाल्या. बरोब्बर हेच माप त्या वर्षभर शोधत होत्या. सांगितली ती किंमत द्यायला तयार होत्या. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला हेवा वाटला.

मी वर पाहिलं. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत दिवा होता आणि तिथे तो दाढी करत होता. चौदावा दिवस होता.

"माफ करा," मी म्हटलं, "काल रात्रीच विकला गेला. जाहिरात काढायची राहिली."

त्या हिरमुसून गेल्या. थोड्या वेळाने तो किल्ली घेऊन खाली आला, गालाला थोडा साबण तसाच राहिलेला, आणि कोण होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, पत्ता विचारत होत्या. त्याने गाडी मागे घेतली आणि ट्रेलर जोडला. मी जाहिरात काढून टाकली, आणि पलीकडच्या गल्लीत ट्रेलरच्या मागे जाऊन, हात हलवत, "ये, ये, अजून ये" म्हणत उभी राहिले.