निळ्या पँटचे दोन खिसे

ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर केसपेक्षा त्या संध्याकाळचं आमच्या कोपरीच्या घरातलं जेवण जास्त आठवतं. पण पोलिसानं आधी केस सांगावी, जेवण नंतर.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहाय्यक फौजदार म्हणून सुटलो. अक्षर बरं होतं, म्हणून पोलीस ठाण्यातला प्रत्येक पंचनामा माझ्या गळ्यात. अक्षर बरं असलं की डोकंही बरं असणार, असं साहेबांना वाटायचं. मी पण त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

तेव्हा मी डोंबिवलीच्या एमआयडीसीकडं नेमणुकीला होतो. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. रंगाच्या एका कंपनीतला कामगार आणलाय, पण आणण्याआधीच गेलेला. पावडर ढवळायचं मोठं मिक्सर असतं, माणूस उभा राहील एवढं. तो आत उतरून खरवडत होता आणि बाहेरून कुणीतरी ते चालू केलेलं. वय तीस-बत्तीस. जास्त सांगत नाही.

मी हॉस्पिटलात गेलो, दोन पंच घेतले, पंचनामा लिहिला. कपड्यांच्या रकान्यात झोकात लिहिलं, ‘निळी पँट, दोन खिसे, खिशात काही नाही.’ कपडे सील केले, मुद्देमालात टाकले. मग कंपनीत. गेटवर त्यांनी मला हेल्मेट दिलं, मी उलटं घातलं. माझ्याबरोबरचा शिपाई भिंतीकडं तोंड करून हसत होता.

त्याच भिंतीवर हा मोठा बोर्ड. हेल्मेट घाला. बूट घाला. मशीनमध्ये उतरण्याआधी स्विचला आपलं कुलूप लावा आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवा. नियम चांगला होता, मलासुद्धा कळला. ज्याचा जीव आत, किल्ली त्याच्याकडं. तो बाहेर येईपर्यंत कुणाच्या बापाला मशीन चालू करता येणार नाही.

सुपरवायझर बोलायला गोड. “हवालदारसाहेब, आम्ही बाहेर काढला तेव्हा किल्ली त्याच्या खिशातच होती. मीच काढली, ही बघा. म्हणजे कुलूप लावलेलं होतं. लाईटवाल्यानं दुसऱ्या किल्लीनं उघडलं आणि बटण दाबलं.”

लाईटवाला आंबिवलीचा, चाळिशीचा, घरात दोन मुली. त्याला ठाण्यात आणला तेव्हाच त्याचे ओठ सुकलेले.

“दुसरी किल्ली कुठून आणलीस?” मी टेबलावर हात आपटला.

“साहेब, दुसरी किल्ली नाहीच. कुलूप आधीच काढलेलं. सुपरवायझर बोलला चालू कर, मी केलं. सगळ्यांच्या किल्ल्या बोर्डाशेजारी खिळ्यावर असतात. कुणीपण काढतं.”

“नियम काय लिहिलाय भिंतीवर?”

“नियम भिंतीवर आहे साहेब. किल्ली खिळ्यावर.”

मला वाटलं तोंडाळ आहे. आणखी दोन तास झापला. बाकी कामगारांना विचारलं, तर सगळ्यांचं एकच, आम्ही चहाला गेलेलो. कंत्राटी माणसं, उद्या गेटवर कोण उभं करणार त्यांना? साहेब म्हणाले, उद्या सकाळपर्यंत काही निघालं नाही तर लाईटवाल्याला अटक दाखवू. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

घरी आलो. बायको मशीनवर ब्लाऊज शिवत होती, सात वाजले असतील. तिनं मशीन बाजूला सारलं, ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. जेवताना मी तिला केस सांगायचो, ही माझी खोड. नियमात बसत नाही, पण ठाण्यात माझं कोण ऐकणार? ती ऐकायची. मध्येच “मग?” म्हणायची. तो “मग?” आता कुठं मिळत नाही.

मी किल्लीचं सांगितलं, तशी ती थांबली.

“खिशातून काढली म्हणाला?”

“हो.”

“खिशात हात घातलात का तुम्ही?”

“दोन खिसे आहेत. लिहिलंय मी.”

“लिहिलंत ते कळलं. हात घातलात का?”

मी कालवण वाढून घेतलं.

“अहो, त्या कंपन्यांत खिसे शिवून टाकतात. कंत्राटी माणसानं माल बाहेर नेऊ नये म्हणून. बाहेरून खिसा दिसतो, आत टीप मारलेली. दोघं-तिघं माझ्याकडं उसवायला घेऊन आलेले, तंबाखूची पुडी कुठं ठेवू म्हणून. ह्यानं उसवून घेतलेले का, ते बघा आधी. त्या बिचाऱ्याला कशाला मारताय?”

“मारलं नाही गं, झापला फक्त.”

“तेच ते,” ती म्हणाली आणि भात वाढला.

सकाळी साहेबांची परवानगी घेतली, पंच बोलावले, सील फोडलं. एका बाजूनं पँट फाटलेली, पण खिसे दोन्ही धड. मी बोटं घातली. नखापुरतीच गेली. काळ्या दोऱ्याची घट्ट टीप, इकडून तिकडं. पंचवीस वर्षं पंचनामे लिहिलेला माणूस, आणि ‘खिशात काही नाही’ असं लिहिलं त्या खिशाला तोंडच नव्हतं.

लाईटवाल्याला विचारलं, हे काल का नाही बोललास? तो म्हणाला, “मी परमनंट, साहेब. टेस्टर ठेवायला माझे खिसे उघडे. त्यांचे शिवलेले असतील हे मी कधी बघितलंच नाही.” म्हणजे माझ्यासारखाच निघाला.

सुपरवायझरला बोलावलं. साहेबांनी पँट टेबलावर पसरली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “जिथून काढलीत तिथं परत ठेवून दाखवा.” हे वाक्य साहेबांचं. मी फक्त पँट धरलेली. त्यानं एक खिसा चाचपला, मग दुसरा. मग खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. ऑर्डर घाईची होती. मिक्सर रिकामं असेल असं धरून त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि लाईटवाल्याला ‘चालू कर’ म्हणून आवाज दिला. आत डोकावला नाही. त्याच्यावर आणि मालकावर गुन्हा दाखल झाला, लाईटवाला साक्षीदार झाला. दुपारी तो घरी गेला.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ‘बारीक नजर’ म्हणाले. मी नजर खाली वळवली, लोकांना वाटलं विनय आहे.

ह्या केसनं मला एक शिकवलं. कंपनीत नियम किती लावलेत ते मोजू नका. तो नियम पाळायला माणसाला जागा ठेवलीय का, ते हात घालून बघा. किल्ली खिशात ठेव म्हणणारा आणि खिसा शिवणारा एकाच ऑफिसात बसतात, कधीकधी एकच असतो. नंतर मी प्रत्येक खिशात हात घातला. एकदा खेकडासुद्धा निघाला, पण ती वेगळी गोष्ट.

लाईटवाला दर वर्षी त्या तारखेला ठाण्यात पेढे आणायचा. “तुमच्यामुळं मुलींना बाप राहिला,” म्हणायचा. मी खायचो, स्टाफला वाटायचो. घरी एकदाही नेले नाहीत. तिला पेढे आवडायचे का, हेसुद्धा मला आज सांगता येत नाही.

ती गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा भेटायला लाईटवालाही आलेला, कोपऱ्यात बसलेला. माणसं पांगल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. टीप, कालवण, “हात घातलात का?” सगळं.

“म्हणजे साहेब, इतकी वर्षं मी पेढे भलत्याच माणसाला दिले.”

“दिलेस,” मी म्हटलं, “आणि भलत्या माणसानं सगळे खाल्ले.”

तो हसला नाही. मी हसायला गेलो, पण जमलं नाही.