पाठ केलेली शेवटची ओळ

"पंख्याकडे बघ," म्हणत दादा अंगठ्याने माझी खालची पापणी ओढायचे आणि दुसऱ्या हाताने डोळ्यात थेंब सोडायचे. थेंब पडला की लगेच प्रश्न, "खरां सांग, तुका दिसता काय?"

अंधेरीच्या आमच्या विमा ऑफिसात हा विधी रोज जेवणानंतर चाले. त्या वेळी तुम्ही क्लेम विचारायला आला असाल, तर मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून बसलेला एक इसम तुम्ही नक्की पाहिला असेल. तो मी. माझा डोळा माझ्या स्वतःच्या हाताला घाबरून मिटायचा. माझ्यावर वाकलेले, जाड चष्म्याचे, ते शेजारच्या टेबलावरचे दादा. मूळ मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीत, माझ्याहून वयाने बरेच मोठे.

लेझरने नंबर घालवायची कल्पना मूळची त्यांचीच. सोबत हवी म्हणून त्यांनी मला तपासणीला ओढलं. त्यांचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ निघाला. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. माझा भरपूर जाड.

"तुझां सगळांच जाड," दादा म्हणाले, आणि लिफ्टमध्ये खालपर्यंत चष्मा पुसत राहिले. मी मात्र थोड्याच दिवसांत ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालो.

नंबर गेला, हे खरं. पण डोळे पार कोरडे पडले. हा कोरडेपणा चमत्कारिक असतो, डोळा सुकला की उलट पाणी वाहायला लागतं. ज्या मॅनेजरच्या बदलीसाठी मी नवस बोललो होतो, त्याच्याच निरोप समारंभात मी एसीखाली बसून घळाघळा रडलो. बिचारा गहिवरला. मला मिठी मारून म्हणाला, "तुला मी ओळखलंच नव्हतं रे!" मागे दादा तोंडात रुमाल कोंबून उभे.

संध्याकाळी तर प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसे. समोरून येणारी रिक्षा मला देवासारखी प्रभावळ घेऊन यायची. काही महिने असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, कारण तेव्हा माझं सगळं लक्ष गॉगल कुठला घ्यावा याच्याकडे होतं. आता ऑफिसभर 'झकास' सांगून बसलो होतो. बायको आधीपासून "चष्म्यातच बरा दिसतोस" म्हणत होती, त्यामुळे घरीही झकासच. आत मात्र एकच धसका: हे असंच राहिलं तर?

एका संध्याकाळी मी स्कूटर सुरू करणार, तेवढ्यात दादांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"समोरचो खांब तुका दिसता काय?"

"दिसतो ना!"

"थंय खांबच नाय हा, मेल्या. चल, रिक्षा बघ."

पुढच्या तपासणीला ते हट्टाने बरोबर आले. आता माझी शाळेपासूनची खोड सांगतो. परीक्षा म्हटली की पाठांतर. गेल्या खेपेला डॉक्टर फोनवर असताना मी तक्त्याला नाक लावून शेवटची ओळ बघून घेतली होती. बाहेर बाकावर दादांशेजारी बसून तीच पुटपुटत होतो. आत गेल्यावर धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टर खूश, मी त्याहून खूश.

"काही त्रास?"

"छे, एकदम झकास!"

"डॉक्टर," दादा खुर्चीतून उठले, "ह्यो पाठ करून इलो हा. उलटी वाचूक सांगा."

पहिल्याच अक्षराला माझी दांडी उडाली.

"अहो," डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला नापास करणार होतो का?"

मग मी सगळं सांगितलं. दिव्यांभोवतीची कडी, पाणी, धसका. बोलता बोलता डोळे वाहू लागले. या वेळचं पाणी कोरडेपणाचं नसावं, कारण दादा एकदम भिंतीवरचं डोळ्याचं चित्र निरखायला लागले. नंबर खरोखरच गेला होता, पण कोरडेपणाने डोळ्याचा पृष्ठभाग खरखरीत झाला होता. मी खरं बोललो असतो तर आधीच कळलं असतं. औषध बदललं. अश्रू टिकावेत म्हणून पापणीच्या कोपऱ्यातल्या छिद्रात बारीकसं बूच बसवलं. "मोरीक बसवतत तसां," दादांनी ऑफिसभर सांगितलं. हळूहळू कडी फिकी होत गेली. थेंब तेवढे राहिले.

दादा रिटायर झाले आणि कायमचे गावी निघाले. जायच्या आदल्या रविवारी सकाळी मला म्हणाले, "जुहूक येतंस?" किनाऱ्यावर त्यांनी शर्ट काढला, चष्मा माझ्या हातात दिला.

इतक्या दिवसांत न सुचलेला प्रश्न मला तेव्हा सुचला. "दादा, तुम्हाला लेझर कशाला हवं होतं?"

"ह्याच्यासाठीच रे. दर्यात पवताना मागे बघलां की काठार कोण उभा हा, ता कधी दिसूकच नाय. ल्हानपणी आई उभी रवायची. नुसतो ठिपको."

आणि ते पाण्यात शिरले. बरेच आत जाऊन वळले. मला ते स्वच्छ दिसत होते: कपाळाला चिकटलेले केस, हसरं तोंड. त्यांनी जोरात हात हलवला. माझ्याकडे नव्हे, तर पार डावीकडे, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या भेळेच्या बंद गाडीकडे.

मी त्यांचा चष्मा खिशात टाकला. चपला हातात घेऊन वाळूतून पळत गेलो, त्या गाडीपुढे उभा राहिलो आणि हात वर केला.