भावासाठी खोली मागणारी बाई

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. साहेबाचं राज्य होतं आणि मी सोलापूरकडच्या एका म्युनिसिपालटीत कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट.

भर सभेत ती वेड लागलेल्या भावाचा हात धरून आत आली. कापसाच्या कारखान्यातून तशीच आलेली, केसांत तंतू अडकलेले. गावात अशा माणसांना ठेवायला जागाच नव्हती. पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा हुकूम येईपर्यंत त्यांना पोलीस चौकीच्या कोठडीत टाकत. बाई प्लेगच्या रोग्यांसाठी बांधलेल्या, आता रिकाम्या पडलेल्या शेडमधली एक खोली आणि एक राखणदार मागत होती.

"खर्चाची तरतूद नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. "हुकूम येईपर्यंत कोठडीच."

"कोठडी चोराला. ह्यानं काय चोरलंय? ह्याचंच डोकं हरवलंय की!"

शिपाई पुढे झाला तसा भाऊ ओरडू लागला. तिनं त्याला तिथंच खाली बसवलं, फडक्यातली भाकरी सोडली आणि घास भरवू लागली.

"तुमची सभा चालू द्या. सोय हुईस्तोवर आमी हितंच ऱ्हातो."

दुपार टळली तरी ती हलली नाही. शेवटी खर्च मंजूर झाला. तिनं आभार मानले नाहीत.

खोली दाखवायला मी गेलो. दाराला बाहेरून जाड कडी होती. बाई उंबऱ्यातच थांबली.

"ही आदी काढा."

"अहो, वेडा माणूस आहे," मी म्हणालो.

"मानूस म्हनला न्हवं? मग काढा."

सुतार येऊन कडी उचकटेपर्यंत ती भावाचा हात धरून उन्हात उभी राहिली. मलाही मग सावलीत बसवलं नाही.